निवड संघाची, निवाडा चाहत्यांचा

११ जून १९८०. मॉन्ट्रियलमधील 'फोरम' या विख्यात क्रीडागृहात त्या दिवशी कोणताही सामना नव्हता. बर्फाच्या मैदानावर झुंजणारे खेळाडू नव्हते, पंच नव्हते, धावफलक बंद होता. तरीही सुमारे अडीच हजार माणसे प्रेक्षागृहात येऊन बसली होती. उत्तर अमेरिकेतील 'नॅशनल हॉकी लीग' अर्थात एनएचएल या व्यावसायिक स्पर्धेतील संघ त्या दिवशी नवोदित खेळाडूंची निवड करणार होते. तोवर हा कार्यक्रम हॉटेलातील बंद दालनांत किंवा दूरध्वनीवरून उरकला जात असे. त्या वर्षी तो प्रथमच जनतेसाठी खुला झाला आणि पहिल्याच निवडीने एका वादाला जन्म दिला. त्या वादाची आठवण मॉन्ट्रियलमध्ये आजही निघते.

पहिल्या निवडीचा हक्क यजमान मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाकडे होता. शहराच्या मनात एकच नाव होते, डेनी सावार. याच शहरात वाढलेला, फ्रेंच बोलणारा, 'मॉन्ट्रियल ज्युनियर्स'कडून खेळताना एका मोसमात १८१ गुण मिळवणारा चपळ मुलगा. (बर्फावरील हॉकीत गोल करणाऱ्यास एक गुण आणि गोलसाठी चेंडूसदृश चकती, म्हणजे 'पक', पुरवणाऱ्यासही एक गुण मिळतो.) संघाने मात्र नाव पुकारले ते डग विकेनहायझरचे. हा रेजायना शहरातला इंग्रजीभाषक, उंचापुरा मुलगा होता. सावारला तिसऱ्या क्रमांकावर शिकागो ब्लॅकहॉक्सने उचलले. दोघेही तेव्हा एकोणीस वर्षांचे होते.

आपल्याकडे हॉकी म्हटले की हिरवे मैदान आणि ध्यानचंद आठवतात. कॅनडात हॉकी म्हणजे बर्फावरचीच, आणि तिचे तिथले स्थान आपल्याकडील क्रिकेटसारखे आहे. या खेळाच्या चाहत्यांचा वर्षातील एक दिवस असा असतो की त्या दिवशी कोणीच हरत नाही, कोणीच जिंकत नाही, आणि तरीही प्रत्येक जण निकाल देऊन मोकळा होतो. तो दिवस म्हणजे वार्षिक निवडीचा, अर्थात 'ड्राफ्ट'चा.

पद्धत कशी आली?

साठच्या दशकापूर्वी एनएचएलमधील सहा संघ कनिष्ठ गटातील संघांना आर्थिक आश्रय देत आणि त्या बदल्यात तेथील किशोरवयीन खेळाडूंवर हक्क मिळवीत. बॉबी ऑर या महान बचावपटूला बॉस्टन ब्रुइन्सने १९६२ मध्ये, तो अवघा चौदा वर्षांचा असताना, अशाच रीतीने बांधून घेतले होते. ज्याच्याकडे पैसा आणि शोधक अधिक, त्याच्याकडे मुले अधिक, असा हा व्यवहार होता. तो मोडण्यासाठी ५ जून १९६३ रोजी मॉन्ट्रियलच्या 'क्वीन एलिझाबेथ' हॉटेलात पहिली निवडसभा झाली. सहा संघांनी मिळून २१ खेळाडू निवडले. पहिले नाव गॅरी मोनाहन याचे होते आणि ते पुकारणारा संघ मॉन्ट्रियलचाच होता. आश्रयाची जुनी पद्धत टप्प्याटप्प्याने संपली आणि १९६९ पासून सर्व कनिष्ठ खेळाडू या निवडीच्या कक्षेत आले.

मूळ तत्त्व सोपे आहे. मागील मोसमात जो संघ तळाशी राहिला त्याला आधी निवड करू द्यायची, विजेत्याने शेवटी. दुबळ्याला बळ मिळावे आणि स्पर्धा एकाच श्रीमंत संघाच्या घरी नांदू नये, हा हेतू. अलीकडे ३२ संघ सात फेऱ्यांत मिळून सव्वादोनशेच्या घरात खेळाडू निवडतात. अठरा वर्षे पूर्ण करणारी ही मुले कॅनडातील कनिष्ठ स्पर्धांतून, अमेरिकेतील महाविद्यालयांतून आणि स्वीडन, फिनलंड, रशिया, चेकिया, स्लोव्हाकिया यांसारख्या देशांतून येतात. संघाला निवडीतून मिळतो तो करार करण्याचा एकाधिकार. मुलाला संघ निवडण्याची मुभा नसते.

आपल्याकडील आयपीएलचा लिलाव यापेक्षा वेगळा. लिलावात खेळाडूची किंमत बोलीतून ठरते. ड्राफ्टमध्ये बोली नसते, फक्त पाळी असते. संघाने आपल्या पाळीला एक नाव घेतले म्हणजे बाकी सगळी नावे सोडली. चाहत्यांच्या वादाचे मूळ इथेच आहे. घेतलेला खेळाडू एक असतो, सोडलेले शंभर.

याचा एक नमुना आपल्या परिचयाचा आहे. २००८ मध्ये आयपीएलने १९ वर्षांखालील खेळाडूंसाठी लिलावाऐवजी ड्राफ्टची पद्धत वापरली होती. त्या वेळी दिल्लीच्या संघाने वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान याला निवडले आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळूरकडे गेला. संघाकडे फलंदाज पुरेसे होते, गोलंदाज हवा होता. त्या दिवशीचा तर्क चुकीचा नव्हता. पुढे काय झाले हे सांगायला नको.

चाहते काय पाहतात?

ड्राफ्टच्या रात्री चाहत्यांच्या हाती मोजमापाची काही साधने असतात. पहिले साधन म्हणजे क्रमवाऱ्या. एनएचएलचा स्वतःचा 'सेंट्रल स्काउटिंग' विभाग १९७५ पासून कार्यरत आहे. तो उत्तर अमेरिकेतील व युरोपातील खेळाडूंच्या आणि गोलरक्षकांच्या वेगवेगळ्या याद्या काढतो. त्याखेरीज वृत्तपत्रे, क्रीडावाहिन्या आणि स्वतंत्र जाणकार यांच्या याद्या असतात. विसाव्या क्रमांकाचा मानला गेलेला मुलगा आपल्या संघाने आठव्या पाळीला घेतला की चाहत्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. आठव्या क्रमांकाचा विसाव्या पाळीपर्यंत उरला आणि आपल्याला मिळाला की घबाड लाभल्याचा आनंद होतो.

दुसरे साधन म्हणजे संघाची गरज. आपल्याकडे चांगला सेंटर नाही, बचावफळी म्हातारी झाली आहे, हे रोजचे सामने पाहणाऱ्याला कळतेच. पण अठरा वर्षांचा मुलगा मुख्य संघात स्थिरावण्यास बहुधा तीन-चार वर्षे लागतात. तोवर आजची गरज उरेलच असे नाही. म्हणून 'उपलब्धांतील सर्वोत्तम खेळाडू घ्यावा, गरज पुढे पाहता येते' असे मानणारा एक पंथ आहे आणि 'घरात जे नाही ते आधी आणावे' असे म्हणणारा दुसरा.

तिसरे साधन मोजता येत नाही, पण सर्वांत जोरकस तेच असते. ते म्हणजे आपलेपणा. आपल्या गल्लीत वाढलेला, आपली भाषा बोलणारा मुलगा आपल्या संघात असावा ही इच्छा. क्रमवारी चुकली तर चाहते विसरतात. घरचा मुलगा परक्या संघाकडून चमकला तर विसरत नाहीत.

जेव्हा संघही चुकतो

१९८० च्या निवडीमागे संघाचा विचार पक्का होता. मॉन्ट्रियलने १९७६ ते १९७९ असे सलग चार वेळा स्टॅनली करंडक जिंकला होता. पण जॅक लेमेर हा भरवशाचा सेंटर १९७९ मध्ये निवृत्त झाला होता. विकेनहायझरने त्या मोसमात रेजायनाकडून ८९ गोल आणि १७० गुण मिळवले होते आणि कॅनडातील कनिष्ठ गटाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला होता. कागदावर ही निवड निर्दोष होती.

बर्फावर मात्र पहिल्या मोसमात त्याला ४१ सामन्यांत १५ गुण मिळाले. सावारने शिकागोकडून त्याच मोसमात ७५ गुण कमावले. पुढे सावारची कारकीर्द १,३३८ गुणांवर थांबली आणि २००० मध्ये त्याचा समावेश हॉकीच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये झाला. विकेनहायझरला ५५६ सामन्यांत २७६ गुण मिळाले. शहराचा निवाडा खरा ठरला, असे या आकड्यांवरून कोणीही म्हणेल.

पण एका खटल्यावरून न्यायाधीशाची योग्यता ठरत नाही. १९८३ चे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. डेट्रॉइट रेड विंग्जकडे चौथी पाळी होती. शहराजवळच वाढलेला पॅट लाफाँटेन मिळावा ही चाहत्यांची इच्छा होती आणि महाव्यवस्थापक जिम डेव्हलानो यांचाही डोळा त्याच्यावरच होता. तिसऱ्या पाळीला न्यूयॉर्क आयलंडर्सने लाफाँटेनला नेले. डेट्रॉइटने मग स्टीव्ह आयझरमनला घेतले. १९८६ मध्ये तो कर्णधार झाला आणि त्याच्या नेतृत्वाखाली संघाने १९९७, १९९८ आणि २००२ मध्ये स्टॅनली करंडक जिंकला. लाफाँटेनही थोर खेळाडू ठरला. पण डेट्रॉइटच्या इतिहासातील सर्वांत मोठी निवड ही मनातला मुलगा न मिळाल्यामुळे झालेली आहे.

याच संघाची १९८९ ची निवड आजही आदर्श म्हणून सांगितली जाते. तिसऱ्या फेरीत निकलास लिडस्ट्रॉम (५३ वा), चौथ्या फेरीत सर्गेई फेदोरोव्ह (७४ वा) आणि अकराव्या फेरीत व्लादिमीर कोन्स्टान्टिनोव्ह (२२१ वा). लिडस्ट्रॉमने पुढे सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस पुरस्कार सात वेळा मिळवला. या निवडीबद्दल संघाचे कौतुक करताना एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरली जाते. लिडस्ट्रॉमआधी डेट्रॉइटने दोन अन्य खेळाडू घेतले होते. १९९८ मध्ये पावेल दात्सुक १७१ व्या क्रमांकावर मिळाला, तेव्हाही त्याच संघाने आधीच्या पाच फेऱ्यांत त्याला सोडले होते. त्याची खरी किंमत त्यांना ठाऊक असती तर त्यांनी इतका वेळ धीर धरलाच नसता. दूरदृष्टी होती हे खरे. पण जोडीला दैवही होते.

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' या म्हणीवरच ड्राफ्टचा सारा डोलारा उभा आहे. पण ही म्हण किती वेळा दगा देते! १९९३ मध्ये ओटावा सेनेटर्सने अलेक्झांडर डेग याला पहिल्या क्रमांकावर घेतले आणि त्याच्याकडे तारणहार म्हणून पाहिले. तो ६१६ सामन्यांत ३२७ गुणांवर थांबला. दुसऱ्या क्रमांकावर गेलेला ख्रिस प्राँगर २००० मध्ये स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००३ ची निवड तर गुणवत्तेच्या सुकाळासाठी प्रसिद्ध आहे. त्या वर्षी न्यूयॉर्क रेंजर्सने बाराव्या पाळीला घेतलेला ह्यू जेसिमन एनएचएलमध्ये केवळ दोन सामने खेळू शकला. २०५ व्या क्रमांकावर सॅन होजेने घेतलेल्या जो पॅव्हेल्स्कीने हजारांहून अधिक गुण मिळवले. आणि मार्टिन सां लुई या खेळाडूला तर कोणत्याही संघाने कोणत्याही फेरीत निवडले नव्हते. तो २००४ मध्ये स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०१८ मध्ये 'हॉल ऑफ फेम'मध्ये पोहोचला.

हरण्याची प्रार्थना

तळाच्या संघाला आधी पाळी देण्याच्या नियमातून एक विचित्र परिस्थिती उद्भवते. एखादा असामान्य मुलगा येणार असेल तर हरणेच फायद्याचे ठरते. त्याला आळा घालण्यासाठी १९९५ पासून सोडत सुरू झाली. १ ते १४ क्रमांकांच्या चेंडूंतून चार काढले जातात. त्यांतून होणाऱ्या १,००१ संयोजनांपैकी एक हजार संयोजने बाद फेरी न गाठलेल्या संघांत त्यांच्या कामगिरीनुसार वाटलेली असतात. तळाच्या संघाला सर्वाधिक संधी मिळते, पण खात्री मिळत नाही.

तरीही मोह सुटत नाही. २०१५ मध्ये कॉनर मॅकडेव्हिड हा विलक्षण मुलगा निवडीस पात्र होणार होता. मार्चमध्ये बफेलोत बफेलो सेबर्स आणि ॲरिझोना या तळाच्या दोन संघांची गाठ पडली. जादा वेळेत ॲरिझोनाने विजयी गोल केला आणि बफेलोच्या प्रेक्षकांतील अनेकांनी आपल्याच घरी आपल्याच पराभवाला टाळ्या दिल्या. खेळाडूंना ते झोंबले, आणि झोंबणारच. बर्फावर घाम गाळणारा खेळाडू पुढच्या पाच वर्षांचा हिशेब मांडत नसतो. बफेलो तळाशीच राहिले. सोडत मात्र एडमंटनला लागली आणि मॅकडेव्हिड तिकडे गेला. बफेलोला दुसऱ्या पाळीला जॅक आयकेल मिळाला. तो २०२१ मध्ये व्हेगासकडे गेला आणि तिथे २०२३ मध्ये त्याने स्टॅनली करंडक उंचावला.

पुन्हा मॉन्ट्रियल

२००५ मध्ये मॉन्ट्रियलने पाचव्या पाळीला गोलरक्षक कॅरी प्राइसला निवडले, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. संघाकडे जोझे तेओदोर हा नावाजलेला गोलरक्षक असताना दुसरा कशाला, हा प्रश्न रास्त होता. वर्षभराच्या आतच तेओदोर संघाबाहेर गेला आणि २०१५ मध्ये प्राइसला सर्वोत्तम गोलरक्षक व सर्वोत्तम खेळाडू असे दोन्ही सन्मान मिळाले. ड्राफ्टच्या रात्रीची 'गरज' किती अल्पजीवी असते, याचा हा दाखला.

विकेनहायझरनंतर पहिली पाळी मॉन्ट्रियलला मिळाली ती थेट ४२ वर्षांनी. ७ जुलै २०२२ रोजी निवडसभा पुन्हा याच शहरात, 'बेल सेंटर'मध्ये भरली होती. बहुतेक याद्यांत दीर्घकाळ अग्रस्थानी असलेला कॅनडाचा शेन राइट हा सेंटर अनेकांना हवा होता. संघाने नाव घेतले युराय स्लाफकोव्हस्की या स्लोव्हाक विंगरचे. त्याच वर्षीच्या ऑलिंपिकमध्ये सात गोल करून तो सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. राइट चौथ्या क्रमांकापर्यंत घसरून सिएटलकडे गेला.

पहिल्या मोसमात स्लाफकोव्हस्कीने ३९ सामन्यांत १० गुण मिळवले आणि दुखापतीने त्याचा मोसम संपला. चाहत्यांना १९८० आठवले. फरक असा की या वेळी संघाने घाई केली नाही. संघाचे प्रशिक्षक होते मार्टिन सां लुई, ज्यांना स्वतःला कोणीही निवडले नव्हते तेच. पुढच्या मोसमात स्लाफकोव्हस्कीने ५० गुण मिळवले आणि २०२४ च्या जुलैत संघाने त्याच्याशी आठ वर्षांचा करार केला. राइट की स्लाफकोव्हस्की, याचा अंतिम निकाल दोघांच्या कारकिर्दी बऱ्याच पुढे गेल्यावरच लागेल. पण २०२३ च्या उन्हाळ्यात ज्यांनी तो लावून टाकला होता त्यांनी घाई केली, एवढे निश्चित.

निवाडा कसा करावा?

ड्राफ्टचे मूल्यमापन किमान पाच वर्षांनी करावे, असे जाणकार म्हणतात. त्याला आणखी काही पथ्ये जोडता येतील. तुलना करताना आपल्या पाळीनंतर लगेच गेलेल्या पाच-सहा नावांशी करावी. दोनशेव्या क्रमांकावर दडलेल्या हिऱ्याशी नव्हे, कारण तो सर्वांनीच सोडलेला असतो. निवड चुकली की घडवणूक चुकली, हे वेगळे करून पाहावे. घाईने मोठ्या मैदानात उतरवलेला मुलगा कोमेजला तर दोष निवडणाऱ्याचाच असतो असे नाही. त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवर निर्णय योग्य होता का, हा प्रश्न आधी विचारावा आणि निकाल काय लागला हा नंतर. पश्चातबुद्धीला स्काउट लागत नाहीत.

मात्र चाहत्यांनी गप्प बसावे असा याचा अर्थ नाही. महाव्यवस्थापक बदलतात, प्रशिक्षक जातात, खेळाडू विकले जातात. संघाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या राहतो तो चाहता. चुकीच्या निवडीची किंमत तोच दशकभर मोजतो. त्याला जाब विचारण्याचा हक्क आहे. प्रश्न फक्त जाब कोणाला विचारायचा, हा आहे. निवड करणारे टेबलापाशी बसलेले असतात आणि हुर्यो मात्र व्यासपीठावर जर्सी घालून उभ्या असलेल्या मुलाच्या कानी पडते. त्याने कोणाला डावलले नसते. त्याने तर स्वतःचे शहरही निवडलेले नसते.

डग विकेनहायझरची कहाणी म्हणून पूर्ण सांगायला हवी. डिसेंबर १९८३ मध्ये मॉन्ट्रियलने त्याला सेंट लुइस ब्लूज संघाकडे धाडले. तिथे तो कोणाच्या जागी आलेला नव्हता. मार्च १९८५ मध्ये संघसोबत्यांसह बाहेर गेला असताना त्याला मोटारीची धडक बसली आणि गुडघा निकामी झाल्यासारखा झाला. तरी तो परतला. १२ मे १९८६ च्या रात्री कॅल्गरीविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात तीन गोलांनी मागे पडलेल्या सेंट लुइसने शेवटच्या सत्रात बरोबरी साधली आणि जादा वेळेत विजयी गोल झाला तो विकेनहायझरच्या काठीने. सेंट लुइसमध्ये ती रात्र 'सोमवारचा चमत्कार' म्हणून ओळखली जाते.

१२ जानेवारी १९९९ रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले. तो ३७ वर्षांचा होता. त्याच्या १४ या क्रमांकाच्या नावाने ब्लूज संघाने धर्मादाय निधी उभारला. मॉन्ट्रियलच्या हिशेबवहीत विकेनहायझर म्हणजे सावार न घेण्याची चूक. सेंट लुइसच्या आठवणीत तो म्हणजे त्या सोमवारचा गोल. मुलगा एकच होता. एका शहराने त्याला पहिल्या क्रमांकाच्या तराजूत तोलले, दुसऱ्याने त्याच्या खेळावरून.